आपला माणूस आणि लोकांचे मत

दुकानाच्या गादीवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या माणसाला एक वाक्य फार सोयीचे असते. नवा माल दाखवायला आलेल्या विक्रेत्याला तो सांगतो, "माल चांगला आहे, मला पसंतही आहे, पण आमच्या गिऱ्हाइकाला चालणार नाही." या वाक्यात नकार आहे, मात्र त्या नकाराची जबाबदारी बोलणाऱ्याने स्वतःकडे घेतलेली नाही, ती गिऱ्हाइकाच्या खात्यावर मांडली आहे. गिऱ्हाइकाला कोणी विचारलेले नसते. पुष्कळदा तो माल फळीवर एकदाही लागलेला नसतो.

निवडणुकीच्या दिवसांत हेच वाक्य थोड्या निराळ्या रूपात ऐकू येते. "उमेदवार चांगला आहे, आम्ही मत दिलेही असते, पण लोक देणार नाहीत." लोक का देणार नाहीत, याची कारणे जागेनुसार बदलतात. कुठे तो गावचा नसतो, कुठे जातीचा नसतो, कुठे भाषेचा नसतो. अमेरिकेत तो अनेकदा वर्णाचा नसतो. कारण कोणतेही असो, अंदाज नेहमी दुसऱ्याच्या मनाबद्दल असतो आणि त्या अंदाजापोटी स्वतःचे मत बदलते. लोकशाहीत द्वेषाने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान या अंदाजाने होत असावे.

सांगवीत हा अंदाज नवा नाही. मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यातले हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. पलीकडे पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्यानंतर मोटारी, स्कूटर आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर पोहोचली. जुनी सांगवी गाव म्हणून राहिली आणि नवी सांगवी वसाहत म्हणून वाढली. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून, सातारा-सांगलीकडून, उत्तर भारतातून माणसे आली. त्यांच्या पाठोपाठ, काही ठिकाणी त्यांच्याही आधी, किराणा, कापड, भांडी आणि सराफीची दुकाने घेऊन व्यापारी कुटुंबे आली.

या शहराच्या राजकारणाला गावकी-भावकीचे राजकारण असे नाव पडले आहे. गावकी म्हणजे मूळ गावकऱ्यांची एकजूट आणि भावकी म्हणजे त्यांच्यातील कुळांची आपसांतली वाटणी. बाहेरून आलेल्यांची संख्या वाढत गेली, तरी हिशेब मात्र बराच काळ तोच राहिला. बाहेरून आलेल्यांनीही तो मान्य केला. त्यांच्यातल्या पुष्कळांनी स्वतःचे वेगळे हिशेब मांडले: अमुक जिल्ह्याची इतकी घरे, तमुक समाजाची इतकी. संख्येने लहान असलेल्या व्यापारी समाजाला या हिशेबात बहुधा एकच जागा मिळते, ती वर्गणीदाराची. वर्गणी दिली की कर्तव्य संपले, आपल्या मताने काय होणार, ही भावना मग घराघरांत रुजते. फेब्रुवारी २०२३ मध्ये, सांगवी ज्यात येते त्या चिंचवड विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. राज्यातील सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी हा एक. तरी मतदान निम्म्याच्या आसपास राहिले.

अशा शहराची तुलना करायची झाली, तर ती अमेरिकेतील डेट्रॉइटशी सर्वांत जवळची ठरते. मिशिगन राज्यातले हे शहर जगाची मोटारनगरी म्हणून ओळखले जात असे. चाकण-तळेगाव पट्ट्याला तर त्याची थेट ओळखही झाली. ज्या जनरल मोटर्सचे मुख्यालय डेट्रॉइटला, तिचा कारखाना तळेगावात २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले. कारखाना आला की माणसे येतात, कारखाना गेला की काय होते, हे डेट्रॉइटने सांगवीच्या कितीतरी आधी पाहिले आहे.

१९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. त्यानंतरच्या दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय माणसे उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत आली. त्यांतली पुष्कळ डेट्रॉइटला उतरली. दक्षिणेत त्यांच्या पूर्वजांनी गुलामी भोगली होती. १८७० च्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली, पण प्रत्यक्षात कर, परीक्षा आणि दहशत यांच्या जोरावर दक्षिणेत त्यांना मतदानापासून दूर ठेवले गेले. उत्तरेत मत मिळाले, काम मिळाले, पण घर कोठे घ्यायचे याचे स्वातंत्र्य मिळाले नाही.

डेट्रॉइटच्या उत्तर टोकाला 'एट माइल' नावाचा रस्ता आहे. त्याच्या जवळ आजही एक भिंत उभी आहे. उंची सुमारे सहा फूट, लांबी सुमारे अर्धा मैल. १९४१ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला तेथे गोऱ्या लोकांसाठी घरे बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे सरकारी हमीचे गृहकर्ज मिळेना. मग दोन वस्त्यांच्या मध्ये त्याने भिंत घातली आणि कर्जाचा मार्ग मोकळा झाला. व्यापाऱ्याने या व्यवहाराकडे नीट पाहावे असा आहे. येथे द्वेषाची भाषा करण्याची कोणाला गरजच पडली नाही. कर्ज देणारा म्हणत होता, "शेजार पाहून घरांचे भाव पडतील." भाव का पडतील? कारण पुढचा खरेदीदार नाक मुरडेल. तो का मुरडेल? कारण त्याच्याही पुढचा मुरडेल. प्रत्येकाने पुढच्याच्या मनाचा अंदाज केला आणि त्या अंदाजाची चक्क सिमेंटची भिंत झाली.

भिंतीपलीकडे काय साचले, ते जुलै १९६७ मध्ये दिसले. डेट्रॉइटच्या त्या दंगलीत ४३ माणसे मृत्युमुखी पडली. गोरी कुटुंबे शहर सोडून उपनगरांत जाण्याचा वेग वाढला. १९७३ मध्ये कोलमन यंग हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. १९५० मध्ये साडेअठरा लाखांची वस्ती असलेले हे शहर २०२० मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आले आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळे जाहीर केले. एट माइल रस्त्याच्या उत्तरेस मॅकोम नावाचा परगणा आहे. तेथे बहुसंख्य गोरे, त्यांत कारखान्यांतल्या कामगारांची संख्या मोठी. एक रस्ता, दोन बाजू आणि दोन निरनिराळे मतहिशेब.

अशा मिशिगन राज्याने १९८८ मध्ये एक धक्का दिला. डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी ठरवण्याच्या लढतीत तेथे जेसी जॅक्सन या कृष्णवर्णीय नेत्याने मायकेल डुकाकिस यांना मागे टाकले. काही दिवस देशभर चर्चा झाली. मग तीच चर्चा ओळखीच्या प्रश्नावर येऊन थांबली: हा माणूस पक्षात जिंकेल, पण देश त्याला मत देईल का? उमेदवारी शेवटी डुकाकिस यांनाच मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये ते पराभूत झाले. 'देश मान्य करील' अशा समजुतीने निवडलेला उमेदवारही देशाने मान्य केला नाही.

त्या शंकेला आधार नव्हता असेही नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली उभे होते. जनमत चाचण्यांत ते पुढे होते, मतमोजणीत थोडक्यात हरले. लोक चाचणी घेणाऱ्यासमोर एक बोलतात आणि मतपत्रिकेसमोर दुसरेच करतात, असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. पुढे पंचवीस वर्षे तो प्रत्येक कृष्णवर्णीय उमेदवाराच्या मानगुटीवर बसून राहिला.

२००७ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत उतरले, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की कृष्णवर्णीय मतदार पहिल्या दिवसापासून त्यांच्या पाठीशी असतील. तसे घडले नाही. त्या वर्षाच्या उत्तरार्धातही अनेक पाहण्यांत कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक मतदारांत हिलरी क्लिंटन पुढे होत्या. त्याला दोन कारणे होती. क्लिंटन कुटुंबाशी त्यांचा जुना जिव्हाळा होता हे एक. दुसरे कारण अधिक खोल होते. आयुष्यभर जे पाहिले त्यावरून या मतदारांची खात्री झाली होती की गोरे लोक ओबामांना मत देणार नाहीत. मग आपले मत वाया का घालवायचे? येथे स्वतःच्या माणसाबद्दलचा अविश्वास कोठेच नव्हता. होता तो दुसऱ्याच्या मनाबद्दलचा अंदाज.

३ जानेवारी २००८ रोजी आयोवा राज्यात पहिली फेरी झाली. आयोवा हे शेतीप्रधान राज्य, तेव्हा तेथे नव्वद टक्क्यांहून अधिक लोक गोरे होते. तेथे त्या काळी पक्षाच्या मतदारांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, उघडपणे आपला उमेदवार निवडायचा असे. पडद्याआड काही नसे. त्या सभांत ओबामा सुमारे ३८ टक्के पाठिंबा मिळवून पहिले आले आणि क्लिंटन तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. २६ जानेवारीला दक्षिण कॅरोलिनात मतदान झाले. तेथील पक्षमतदारांत कृष्णवर्णीय निम्म्याहून अधिक. त्यांतल्या पाचांपैकी जवळजवळ चौघांनी ओबामांना मत दिले. तीन आठवड्यांत ओबामा तेच होते, त्यांचे धोरण तेच होते, वर्णही तोच होता. बदलला होता एक अंदाज. अनोळखी गोऱ्या शेतकऱ्यांनी आपले मत उघड केले आणि दूरच्या कृष्णवर्णीय आजीबाईला कळले की आपलेही मत आता वाया जाणार नाही.

राजकारणातील आशा या शब्दाचा खरा अर्थ येथे सापडतो. त्या वर्षी आशा हा शब्द फलकांवर, सदऱ्यांवर, भिंतींवर सगळीकडे छापलेला होता. पण छापील शब्दाने आशा निर्माण झाली नाही. व्यापारात पत जशी निर्माण होते, तशी ती झाली. कोणीतरी पहिल्यांदा उधार देतो, ती उधारी वेळेवर फिटते, ते पाहून दुसरा देतो. पत नसलेल्या माणसाला पहिला माल देणारा हाच खरा धैर्याचा. बाकीचे त्याच्या मागून येतात. नोव्हेंबरमध्ये ओबामा ३६५ निर्वाचक मतांनी विजयी झाले. मतदानोत्तर पाहणीनुसार त्यांना कृष्णवर्णीयांची ९५ टक्के आणि गोऱ्यांची ४३ टक्के मते मिळाली. म्हणजे बहुसंख्य गोऱ्यांनी मत दिले नाही हेही खरे, आणि गोऱ्यांच्या मोठ्या वाट्याशिवाय विजय अशक्य होता हेही तितकेच खरे. मॅकोम परगण्यानेही त्या वर्षी ओबामांना कौल दिला आणि २०१२ मध्ये पुन्हा दिला.

पत जशी वाढते, तशी ती बुडतेही. २०१६ मध्ये त्याच मॅकोमने डोनाल्ड ट्रम्प यांना मोठ्या फरकाने निवडले. तेवढ्याने मात्र मिशिगनचा निकाल ठरला नाही. राज्यातला एकूण फरक अवघा १०,७०४ मतांचा होता. डेट्रॉइट ज्या वेन परगण्यात येते, तेथे क्लिंटन यांना २०१२ च्या ओबामांपेक्षा सुमारे ७६ हजार मते कमी पडली. मॅकोममध्ये काही लोकांनी बाजू बदलली. वेनमध्ये पुष्कळ लोक घरीच राहिले. आठ वर्षांत आपल्या रस्त्यावरचे दिवे लागले नाहीत, आपल्या मुलाची शाळा सुधारली नाही, मग रांगेत कशाला उभे राहायचे, असा तो हिशेब. घरी बसणे हेही मतदानच असते. फक्त ते कोणाच्या खात्यात जमा होणार हे बसणाऱ्याच्या हाती राहत नाही.

याच डेट्रॉइटच्या गोष्टीत पुढे एक मराठी नाव येते. श्री ठाणेदार हे बेळगावच्या मराठी घरात, बेताच्या परिस्थितीत वाढलेले. धारवाड आणि मुंबई येथे रसायनशास्त्र शिकून १९७९ मध्ये ते अमेरिकेला गेले, डॉक्टरेट मिळवली, प्रयोगशाळेचा व्यवसाय उभारला, मंदीत तो गमावला आणि पुन्हा नव्याने उभा केला. 'ही श्रींची इच्छा' हे त्यांचे मराठी आत्मकथन महाराष्ट्रात अनेक घरांत पोहोचले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत लढतीत ते तिसरे आले, २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी जिंकून त्यांनी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात प्रवेश मिळवला.

मराठी वृत्तपत्रांत ही बातमी अभिमानाने छापली गेली आणि तो अभिमान रास्तच होता. डेट्रॉइटमध्ये त्याच बातमीला दुसरी बाजू होती. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज प्रतिनिधिगृहात गेले, तेव्हापासून या शहराला सतत एखादा कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. जानेवारी २०२३ मध्ये, जवळजवळ सात दशकांनंतर, तो धागा तुटला. देशातल्या सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय शहरांपैकी एकाचा आवाज वॉशिंग्टनमध्ये आता कृष्णवर्णीय माणसाच्या तोंडून उमटणार नव्हता. बेळगावचा आनंद आणि डेट्रॉइटची खंत एकाच आकड्यातून जन्माला आली होती.

तो आकडाही पाहण्यासारखा आहे. उमेदवारीच्या त्या लढतीत नऊ जण होते, बहुतेक कृष्णवर्णीय. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते मिळाली. उरलेली आठ जणांत विभागली गेली. ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातून मोठा खर्च केला होता, मतदारसंघाच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या होत्या, प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांची मते खाल्ली होती. एवढ्यावर थांबले, तर हा केवळ फाटाफुटीचा विजय वाटेल. दोन वर्षांनी, २०२४ च्या उमेदवारीच्या लढतीत, त्यांना निम्म्याहून अधिक मते मिळाली. कामाकडे पाहून, ओळख पटून, काही मतदारांनी नवे खाते उघडले असा त्याचा अर्थ होतो. डेट्रॉइटला हे अपरिचितही नव्हते. २०१३ मध्ये याच शहराने माइक डुगन या गोऱ्या माणसाला महापौर केले. प्राथमिक फेरीत तर त्यांचे नाव छापील मतपत्रिकेवर नव्हते. मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना पहिले आणले. पुढे ते आणखी दोनदा निवडून आले. दुसऱ्याला मत देण्याचे औदार्य कोणी दाखवले, याचा हिशेब मांडला तर या शहराची बाजू जमेकडे राहील.

मराठी घरांनी, आणि विशेषतः ज्यांची मुले-सुना अमेरिकेत स्थिरावली आहेत अशा व्यापारी घरांनी, येथे एक देणेही लक्षात ठेवायला हवे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निर्णय दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही; म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. १९४६ मध्ये दार किंचित उघडले: वर्षाला १०० भारतीय. दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ मध्ये. ६ ऑगस्टला कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला संरक्षण देणारा कायदा झाला आणि ३ ऑक्टोबरला वंश पाहून स्थलांतरितांचा कोटा ठरवण्याची पद्धत संपवणारा कायदा झाला. हे दोन्ही कायदे एकाच काळाची देणगी आहेत. त्या काळाला आकार देण्यासाठी ज्यांनी तुरुंगवास आणि लाठ्या सोसल्या, ते मुख्यतः कृष्णवर्णीय अमेरिकन होते. १९७९ मध्ये बेळगावचा तरुण ज्या दारातून आत गेला, त्याची कडी दुसऱ्यांनी काढली होती. हिशेब जाणणाऱ्या समाजाने हे देणे वहीबाहेर ठेवू नये.

आपला माणूस म्हणजे रक्ताचा माणूस, हे समीकरणही अमेरिकेतल्या भारतीयांनी स्वतःच मोडले आहे. २०२४ मध्ये कमला हॅरिस राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या होत्या. त्यांची आई श्यामला गोपालन तमिळ घरातली. तरीही कार्नेगी संस्थेच्या पाहणीत भारतीय-अमेरिकन मतदारांपैकी ६१ टक्क्यांनी त्यांना मत देण्याचा मानस सांगितला. २०२० मध्ये बायडेन यांच्या बाबतीत तोच आकडा ६८ होता. महागाई, रोजगार, स्थलांतराचे नियम यांचा विचार त्यांनी केला आणि नाते दुसऱ्या क्रमांकावर ठेवले. ते योग्य केले की अयोग्य, यावर मतभेद होतील. मात्र मतदार जातीची मोजदाद नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

हा प्रश्न परक्या देशाचा वाटत असेल, तर सांगवीवरून पुढे जाणारे मुळेचे पाणी ज्या येरवड्याजवळून वाहते, तेथे थांबावे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी, महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसले असताना, पुणे करार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडली आणि प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्य वर्गासाठी ७१ ऐवजी १४८ राखीव जागा मान्य झाल्या. अट एकच: निवड सर्वांच्या मतांनी व्हायची. त्या अटीमागे गृहीत होते की एके दिवशी सवर्ण मतदार त्या उमेदवाराला आपलाही प्रतिनिधी मानील.

वीस वर्षांनी त्या गृहीतकाची परीक्षा झाली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून डॉ. आंबेडकर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून १४ हजारांहून अधिक मतांनी हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. तेव्हा काही मतदारसंघांत एक सर्वसाधारण आणि एक राखीव अशा दोन जागा असत आणि मतदाराला दोन मते असत. डॉ. आंबेडकरांच्या जोडीला समाजवादी नेते अशोक मेहता होते. निकाल लागला तेव्हा मेहता निवडून आले आणि आंबेडकर पडले. सर्वसाधारण जागेवरचे आपले मत वाया घालवा, म्हणजे राखीव जागेवर बळ वाढेल, असा सल्ला काही सहकाऱ्यांनी दिला होता. तो त्यांनी मानला नाही, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. ज्याने देशाला एक माणूस, एक मत, एक मूल्य हा विचार समजावला, त्याने मत वाया घालवायला सांगितले नाही. दुसऱ्या बाजूने मात्र तेवढी परतफेड आली नाही. राज्यघटनेचा शिल्पकार लोकसभेत कधीच निवडून गेला नाही, ही नोंद महाराष्ट्राच्या खात्यावर कायमची राहिली आहे.

भंडाऱ्याच्या मतदाराला दोन मते होती. सांगवीच्या मतदाराला महापालिकेच्या निवडणुकीत चार असतात. २०१७ मध्ये शहरात ३२ प्रभाग आणि प्रत्येकी चार अशा १२८ जागा होत्या. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाकडे राहिला आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. प्रभागातल्या चार जागांत सर्वसाधारण, महिला आणि मागास प्रवर्गांचे आरक्षण यांची वाटणी असते. त्यामुळे एकाच मतदाराला एकाच दिवशी निरनिराळ्या समाजांतील चार उमेदवारांचा विचार करावा लागतो. चारपैकी एक मत ओळखीपोटी जाते, हे समजण्यासारखे आहे. उरलेल्या तीन मतांचे काय होते, यावर त्या वस्तीचे शहाणपण ठरते. पुष्कळदा ती तीन मते चिन्ह पाहून किंवा 'बाकीचे देतील तिकडे' अशीच जातात. जो उमेदवार निवडायचा म्हणून निवडला, त्याला पुढे पाच वर्षे कामाचा जाब विचारण्याचा अधिकार मतदार आपल्या हाताने सोडून देतो.

पावसाळ्यात मुळशी आणि पवना धरणांतून विसर्ग वाढला की सांगवीच्या नदीकाठच्या वस्त्यांवर संकट येते. तळघरातल्या गोदामात पाणी शिरते तेव्हा ते मालकाचे आडनाव पाहत नाही; भाडेकरूच्या खोलीत शिरते तेव्हा त्याचा जिल्हाही विचारत नाही. नदीकाठी भराव कोणी टाकू दिला, नाले कोणी साफ केले, पूररेषेच्या नकाशाबद्दल सभागृहात कोण बोलले, या प्रश्नांची उत्तरे गावकीच्या यादीत मिळत नाहीत आणि समाजाच्या यादीतही मिळत नाहीत. ती उमेदवाराला समोर बसवून विचारावी लागतात. व्यापारी माणूस उधारी देण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी करतो. मत देण्यापूर्वीही तेवढी चौकशी शक्य असते.

संख्येने लहान समाजाला या साऱ्यात एक विशेष स्थान आहे. ज्याची संख्या मोठी, त्याच्याबद्दल सगळे अंदाज आधीच बांधलेले असतात. ज्याची संख्या लहान, तो कोणाला मत देतो याकडे शेजारी कुतूहलाने पाहतात. आयोवाच्या मूठभर सभांनी दक्षिण कॅरोलिनाचे मन बदलले, ते संख्येच्या जोरावर नव्हे. पहिले मत उघडपणे दिल्यामुळे. सांगवीत एखाद्या मराठवाड्याच्या कर्तबगार मुलीला, एखाद्या मागास वर्गातल्या अभ्यासू कार्यकर्त्याला, किंवा गावकीतल्याच पण भावकीबाहेर पडून बोलणाऱ्या तरुणाला पहिली पत कोणी द्यायची, हा प्रश्न आहे. ती पत दिल्यावर प्रत्येक वेळी विजय मिळेलच असे नाही. भंडाऱ्यात मिळाला नव्हता. मिळालेला विजय प्रत्येकाला सुखाचाच असेल असेही नाही. डेट्रॉइटमध्ये तो सर्वांना सुखाचा नव्हता. एवढे मात्र निश्चित, की पहिल्या व्यवहाराशिवाय कोणाचेही खाते उघडत नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी दुकान तासभर उशिरा उघडल्याने फारसे बिघडत नाही. घरातील आजोबा, सूनबाई आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेली नात यांनी त्या तासात केंद्रावर जावे, चारही मते स्वतः विचार करून द्यावीत आणि 'लोक काय करतील' हा हिशेब ज्याच्या त्याच्यावर सोडावा. लोकही त्या वेळी रांगेत उभे राहून हाच विचार करत असतात.